परक्याची लोई

आमच्या घरात एक जुनी लोई आहे. लोई म्हणजे पंजाबात थंडीच्या दिवसांत अंगाभोवती घेतात ती लोकरीची जाड शाल. आपल्याकडच्या घोंगडीहून मऊ आणि शालीहून राकट. हिचा रंग मूळचा बदामी असावा. आज त्याला नेमके नाव देणे कठीण आहे. एका काठाला कसर लागून पडलेली दोन भोके माझ्या पत्नीने मिळत्याजुळत्या लोकरीने रफू केली आहेत. दर वर्षी दिवाळीनंतर ही लोई ट्रंकेतून बाहेर निघते, चार दिवस ऊन खाते आणि होळी झाली की कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यासह पुन्हा ट्रंकेत जाते. करोलबागेतील बरसाती, सरोजिनीनगरचे सरकारी क्वार्टर, पुढे रामकृष्णपुरम आणि आता मुलाचे गुडगावचे घर, अशा चार बिऱ्हाडांतून पन्नासांहून अधिक वर्षे हा क्रम कधी चुकलेला नाही. घरात हिच्याहून किमती वस्तू पुष्कळ आहेत. पण घराला आग लागली तर आधी काय उचलाल, असे कोणी विचारले, तर आम्हां उभयतांचे उत्तर ठरलेले आहे.

गेल्या हिवाळ्यात माझी आठ वर्षांची नात या लोईत गुरफटून बसली होती. ही कोणी दिली, असे तिने विचारले. आगगाडीत भेटलेल्या एका म्हाताऱ्या सरदारजींनी दिली, असे मी सांगितले.

"तुम्ही त्यांना ओळखत होतात?"

"नाही."

"त्यांचं नाव?"

"तेही विचारायचं राहून गेलं."

ती क्षणभर विचारात पडली. मग म्हणाली, "पण अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नसतं. शाळेत बाईंनी सांगितलंय. मग आजीने घेतली कशी?"

मुलांचे प्रश्न निरागस असतात असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. माझा अनुभव असा की, ते बहुधा तर्कशुद्ध असतात आणि म्हणूनच अडचणीचे ठरतात. एकीकडे आम्ही तिला परक्यापासून दूर राहावयास शिकवतो. दुसरीकडे घरातील सर्वांत प्रिय वस्तू म्हणून परक्यानेच दिलेली लोई तिच्या अंगावर घालतो. या दोहोंपैकी एक तरी खोटे असले पाहिजे, असे तिचे म्हणणे होते. मी त्या वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तो प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला.

प्रसंग १९७२ च्या जानेवारीतला. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात माझी नेमणूक झाली होती आणि पत्नी व आठ महिन्यांची मुलगी यांना घेऊन मी पंजाब मेलने मुंबईहून दिल्लीला निघालो होतो. तिसऱ्या वर्गाचा डबा होता. समोरच्या बाकावर पांढऱ्याशुभ्र दाढीचे एक सरदारजी बसले होते. ते फिरोजपूरपर्यंत जाणार होते. मुंबईत नातलगांकडे आले असावेत. मी कोठे निघालो, कशासाठी निघालो, हे त्यांनी विचारले आणि मीही नव्या नोकरीच्या अभिमानाने मंत्रालयाचे नावसुद्धा सांगून टाकले.

भोपाळ मागे पडल्यावर त्यांनी आपला डबा उघडला आणि पिन्न्या काढून आम्हांपुढे धरल्या. निघताना वडिलांनी मला एकच गोष्ट पुनःपुन्हा बजावली होती : प्रवासात कोणाच्या हातचे काही खावयाचे नाही. "आज हमारा व्रत है," असे मी मोडक्या हिंदीत सांगितले. वृद्धाने हात जोडून डबा मिटला. आम्हांपुढे खाणे बरे नव्हे म्हणून असेल, त्यानेही त्या वेळी काही खाल्ले नाही. झाशी गेली. अंगावर पाजणाऱ्या बाईला भूक किती आवरणार? पत्नीने शेवटी दशम्यांचे गाठोडे सोडले. माझा उपास असा समोरासमोर उघडा पडला. वृद्धाच्या ते ध्यानात आले. आणि आम्हांला संकोच होऊ नये म्हणून तो आमचे खाणे संपेपर्यंत तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत बसला. बाहेर पाहण्याजोगे काहीच नव्हते.

ग्वाल्हेरच्या पुढे गारठा वाढला. मुंबईत भरपूर वाटलेली लोकरीची कुंची आता नावापुरती उरली आणि मूल कुडकुडू लागले. दिल्ली स्टेशन आले. आम्ही उतरण्याच्या गडबडीत असता वृद्ध उठला, अंगावरची लोई काढून त्याने ती पत्नीपुढे धरली आणि म्हणाला, "बेटी, ये खाने की चीज़ नहीं है. ये तो ले ले."

त्या वाक्यात टोमणा होता काय? मी पुष्कळदा विचार केला आहे. स्वरात तरी नव्हता. माझा हात मात्र नकारासाठी आपोआप वर झाला होता. माझ्या मनात त्या क्षणी काय चालले होते, ते आज लिहिताना शरम वाटते. मंत्रालयाचे नाव याला आपण सांगितले आहे. उद्या हा काही काम घेऊन दारात उभा राहिला तर? पत्नीने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "अहो, बाळ गारठलंय," एवढेच ती म्हणाली आणि तिने लोई घेऊन मुलीभोवती गुंडाळली. गाडी फिरोजपूरकडे निघाली तेव्हा वृद्धाच्या अंगावर एक सुती खेस तेवढा होता. बरसातीत पोचल्यावर ती लोई मी दिव्याखाली धरून, घडी न घडी उलगडून तपासली, हेही सांगून टाकतो.

आता सावधगिरीची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कारण ती बाजू खोटी नाही. आगगाडीत मैत्री जमवून गुंगीचे खाद्य देणे आणि प्रवाशाला लुबाडणे, या गुन्ह्याला उत्तरेकडील पोलिसांच्या भाषेत 'जहरखुरानी' असे स्वतंत्र नावच आहे. धोत्र्याचे बी घालून वाटसरूंना बेशुद्ध करणाऱ्या टोळ्यांच्या हकिकती एकोणिसाव्या शतकातील सरकारी दप्तरांत भरपूर सापडतात. वडिलांचा उपदेश म्हणजे केवळ म्हातारपणची भीती नव्हती. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ च्या सुमारास दानावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. इंग्रजीत 'गिफ्ट' म्हणजे भेट, तर जर्मन भाषेत तोच शब्द विष या अर्थी रूढ आहे, या गोष्टीकडेही त्याने लक्ष वेधले होते. भेट आणि विष यांचे मूळ एका शब्दात सापडावे, याचे आगगाडीने प्रवास करणाऱ्यास तरी नवल वाटू नये.

आणि दिल्लीने तर हा धडा रक्ताने गिरवलेला आहे. १९८५ च्या मे महिन्यात या शहरात व शेजारच्या राज्यांत बसमध्ये आणि रहदारीच्या जागी ट्रान्झिस्टर ठेवलेले आढळले. ज्यांनी ते उचलले, कळ फिरवली, त्यांच्या हातांत बॉम्ब फुटले. पुष्कळ माणसे मेली. ट्रान्झिस्टर ही त्या काळी हौसेने द्यावयाची वस्तू होती. जावयाला लग्नात मिळे, नोकरीला लागलेला मुलगा पहिल्या पगारातून घरी आणी. मारेकऱ्यांनी नेमकी तीच वस्तू निवडली होती. तेव्हापासून बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना दिल्लीच्या कानांत कायमची बसली. पुढे मेट्रो आली, तेव्हा तिच्या डब्यांतून अनोळखी माणसाशी मैत्री करू नका, असाही उपदेश आपण ऐकला.

२००५ साली दिवाळीच्या तोंडावर, २९ ऑक्टोबरला, पहाडगंज, सरोजिनीनगर आणि गोविंदपुरी येथे स्फोट झाले. साठांहून अधिक माणसे गेली. सरोजिनीनगरच्या ज्या बाजारातून आम्ही वर्षानुवर्षे भाजी आणि मुलांचे कपडे घेतले, तोच हा बाजार. गोविंदपुरीला मात्र त्या दिवशी पुष्कळांचे प्राण वाचले. कारण बसमध्ये पडलेल्या एका पिशवीचा संशय वेळीच आला. बसचे चालक कुलदीप सिंह यांनी ती बाहेर टाकली आणि त्या स्फोटात स्वतःची दृष्टी गमावली. जे संशयाला सरसकट क्षुद्र वृत्ती समजतात, त्यांनी या माणसाचे स्मरण ठेवावे. त्याचा संशय परक्यांविरुद्ध नव्हता. ज्यांची नावेही त्याला ठाऊक नव्हती अशा परक्यांसाठी तो होता.

म्हणून संशय बरा की विश्वास बरा, असा प्रश्न करण्यात अर्थ नाही. संशय कशाचा घ्यावा आणि कोणासाठी घ्यावा, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याच्या उत्तराचा निम्मा भाग, गंमत अशी की, मला माझ्या कचेरीत सापडला.

आपण सरकारी नोकर मंडळी भेटवस्तूंच्या बाबतीत जन्मभर शंकेखोर राहतो, आणि ते योग्यही आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर नजराण्यांवर इतके गबर झाले की, १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टाने त्यांना भेटी घेण्यास मनाई करावी लागली. परराज्यांकडून आलेल्या भेटी सरकारी तोशाखान्यात जमा करण्याची चाल कंपनीच्या काळापासूनची आहे. स्वतंत्र भारतात १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या वर्तणूक नियमांतील तेरावा नियम आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. दिवाळीला दारात येणारे सुक्या मेव्याचे डबे या नियमाच्या आधाराने मी वर्षानुवर्षे परत पाठविले. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

पण निवृत्तीनंतर तो नियम पुन्हा वाचला, तेव्हा त्यातील एक गोष्ट मला प्रथमच जाणवली. देणारा ओळखीचा की अनोळखी, यावर त्या नियमाचा भर नाही. देणाऱ्याचा तुमच्याशी सरकारी कामाचा संबंध आहे काय, हे तो विचारतो. जवळच्या नातलगाकडून लग्नकार्यात रीतीप्रमाणे आलेला आहेर त्याला चालतो, सहज घडलेले जेवण किंवा वाटेत कोणी गाडीतून सोडणे यांना तो भेट मानीत नाही. पण ज्याचे काम तुमच्या टेबलावर पडले आहे, तो कितीही परिचित असला तरी त्याचा डबा नियमाला खुपतो. सारांश, घर आपल्याला शिकवते की परका धोक्याचा आणि ओळखीचा निर्धास्त. कचेरी शिकविते की बरेचदा ओळखीचाच धोक्याचा. कारण त्याला तुम्ही सापडू शकता. तो उद्या येईल, आठवण देईल, परतफेड मागेल.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना हे ठाऊक होते. दान देण्याची स्तुती त्यांनी केली, पण घेण्याविषयी, म्हणजे प्रतिग्रहाविषयी, ते सावध होते; प्रतिग्रहाने ब्राह्मतेज मावळते असे मनुस्मृती बजावते. आणि गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगितले आहे, ते जो उलट उपकार करणार नाही त्याला दिलेले दान, असे आहे. ही कसोटी लावली तर आगगाडीतील वृद्धाची भेट माझ्या साऱ्या आयुष्यातील सर्वांत निर्मळ भेट ठरते. त्याला माझे नाव ठाऊक नव्हते, मला त्याचे नव्हते. तो फिरोजपूरला गेला आणि परतफेडीची वाट त्याच्यासोबतच बंद झाली. माझा हात त्या क्षणी वर झाला तो कचेरीच्या नियमाने नव्हे. नियम समजला असता तर तो वर झालाच नसता. तो नुसत्या सवयीने वर झाला. सावधगिरीमागचे कारण आपण विसरलो की सावधगिरीची सवय होते आणि मग ती माणसे पाहत नाही.

अशा ऋणाची फेड देणाऱ्याला करता येत नाही. ती पुढच्या एखाद्या परक्याला करावयाची असते, असे आपण म्हणतो. मी ती कशी केली, हे आता सांगितले पाहिजे.

ट्रान्झिस्टर बॉम्बनंतर महिनाभराने, १९८५ च्या जूनमध्ये, मी कचेरीतून बसने घरी येत होतो. वाटेत एक तरुण शीख मुलगा चढला. त्याच्या खांद्यावरील कापडी पिशवीत काहीतरी चौकोनी वस्तू होती. मी उठलो आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, ती पिशवी उघडून पाहावी, असे कंडक्टरला सांगितले. बस एकदम शांत झाली. मुलाने काही एक न बोलता पिशवी मांडीवर घेतली आणि आतील वस्तू एकेक करून बाहेर काढल्या. जेवणाचा डबा, शॉर्टहँडची वही, दुरुस्त करून आणलेला चष्मा. मग त्याने त्या तशाच एकेक करून आत ठेवल्या आणि पुढच्या थांब्यावर तो उतरला. तो त्याचाच थांबा होता की नाही, मला ठाऊक नाही.

यात तुमचे काय चुकले, असे एका स्नेह्याने मला विचारले होते. दिवसच तसे होते; चुकून विश्वास ठेवला तर जीव जातो, चुकून संशय घेतला तर घटकाभर कोणाचे मन दुखावते. दोन्ही पारडी सारखी नाहीत. हा युक्तिवाद वजनदार आहे आणि त्याने माझे बराच काळ समाधानही झाले. पण त्यात एक हिशेब राहून गेला आहे. त्या बसमध्ये पिशव्या निदान दहा-बारा होत्या. चौकोनी डबा माझ्याही पिशवीत होता. मी उघडावयास लावली ती एकच. संशयाची किंमत थोडी असते हे खरे. पण ती सर्वांना सारखी द्यावी लागत नाही. काही ठरावीक माणसांना ती रोज, प्रत्येक बसमध्ये, प्रत्येक दारात द्यावी लागते. आणि ज्याला ती कधीच द्यावी लागत नाही, त्याला ती थोडी वाटते. त्याच शहरात जेमतेम सात महिन्यांपूर्वी, १९८४ च्या नोव्हेंबरात, सरकारी आकड्याप्रमाणे २,७३३ शीख मारले गेले होते. त्या मुलाच्या घरात त्या दिवसांत काय झाले असेल, हा विचार पिशवी उघडेपर्यंत माझ्या मनाला शिवला नाही. घरी ट्रंकेत लोई होती. तीही आठवली नाही. आणि ट्रान्झिस्टरच्या त्या खटल्यात हयात राहिलेले आरोपी २०२० साली, तपास सदोष असल्याचे सांगून न्यायालयाने दोषमुक्त केले. पस्तीस वर्षे संशयाखाली काढल्यावर त्यांना हा निकाल मिळाला. आणि ज्यांची माणसे गेली, त्यांना गुन्हेगार कोण हेही कळले नाही.

आज मी राहतो त्या गुडगावच्या वसाहतीत फाटकावर पहारेकरी आहेत. सामान पोचविणारी मुले तेथे नाव लिहितात, फोन नंबर देतात, कित्येक ठिकाणी त्यांची आणि घरकामाच्या बायकांची लिफ्टही वेगळी असते. मी गाडीतून आत येतो तेव्हा पहारेकरी सलाम करतो. मी कोण, हे त्याने कधी विचारलेले नाही. वही ठेवू नये असे मी म्हणत नाही. वही सर्वांसाठी असावी, आणि ती पुढे करणाऱ्याच्या तोंडी दोन आदराचे शब्द असावेत, एवढेच माझे म्हणणे आहे. आपण स्वतः या शहरात परकेच म्हणून आलो होतो. करोलबागेतील घरमालकिणीने आमच्याकडे दोन दिवस बारकाईने पाहिले आणि तिसऱ्या दिवशी, लोहडीच्या रात्री, ताटलीभर रेवड्या आणून दिल्या. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. पत्नीने तिला तिळगूळ दिला. दोन्हींत तीळ आणि गूळच होते. तिने पाहून घेतले याचा आम्हांला राग आला नाही. कारण पाहिल्यानंतर ती दारापर्यंत आली.

आगगाडीतील माझी चूक कोणती, हे मला आता बरेचसे स्पष्ट दिसते. पिन्नी नाकारली, ही ती चूक नव्हे. हाती तान्हे मूल असता आजही मी ती नाकारीन. पण मी खोटे बोललो. नकार देण्यासाठीसुद्धा समोरच्याला खरे सांगण्याच्या योग्यतेचा मानावे लागते. तेवढाही मान मी त्याला दिला नाही. "बाबाजी, प्रवासात आम्ही बाहेरचे घेत नाही, राग मानू नका," एवढे म्हटले असते तर वृद्धाला ते कळले असते. त्यानेही आपल्या सुनामुलींना तेच शिकविले असेल. सावधगिरी वस्तूविषयी असावी, माणसाविषयी नसावी, असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात दोन्ही एकाच हातात असतात. पण हात मागे घेतानासुद्धा डोळे वर ठेवता येतात. त्या वृद्धाने तोंड फिरविले ते माझी लाज राखण्यासाठी. मी मुळात त्याच्या तोंडाकडे पाहिलेच नव्हते.

हे सारे आठ वर्षांच्या मुलीला कसे सांगावे? काही दिवसांनी मी तिला जवळ घेऊन जमेल तसे सांगितले. शाळेतल्या बाईंचे म्हणणे बरोबर आहे. अनोळखी माणसाने खाऊ दिला तर घ्यावयाचा नाही, त्याच्याबरोबर कोठे जावयाचे नाही. पण नको म्हणताना खोटे सांगावयाचे नाही आणि तोंड वाकडे करावयाचे नाही. मोठी झालीस म्हणजे कधी घ्यावे आणि कधी नाही, हे तुझे तुला ठरवावे लागेल, आणि ते ठरविताना तू चुकशील, जसा मी चुकलो. आजी त्या दिवशी चुकली नाही. कारण ती माझ्यासारखी स्वतःकडे पाहत नव्हती, गारठलेल्या बाळाकडे पाहत होती.

नातीला यातले किती समजले, सांगता येत नाही. तिने लोईचे रफू केलेले टोक बोटांनी चाचपून पाहिले आणि विचारले, "आजोबा, मग पुढे गाडीत त्यांना थंडी वाजली असेल ना?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न आम्हां दोघांपैकी कोणीही मोठ्याने विचारला नव्हता. वाजली असेल, असे मी तिला सांगितले.